असिस्टंटशिप : वेतन कीं कृपा ?

अमेरिकेस उच्च शिक्षणासाठीं निघालेल्या मुलामुलींच्या घरीं एक वाक्य सर्रास ऐकूं येतें : “एकदां तेथें पोंचलें कीं असिस्टंटशिप मिळतेच.” हें वाक्य उच्चारणारांत नातेवाईक असतात, कमिशनवर पोसलेले सल्लागार असतात, आणि खेदाची गोष्ट ही कीं, आमचे प्राध्यापकबंधुहि असतात. या भरंवशावर घर गहाण टाकणाऱ्या बापाची दया येते. भरंवसा देणाराची येत नाहीं.

असिस्टंटशिप ही शिष्यवृत्ति नव्हेच. आठवड्यास बहुधा वीस तासांपर्यंत खालच्या वर्गांतील मुलांस शिकवावें, त्यांचे पेपर तपासावे, किंवा एखाद्या अध्यापकाच्या प्रयोगशाळेंत राबावें. मोबदला म्हणून फी माफ व्हावी व पोटापुरता पगार मिळावा, असा हा रोकडा व्यवहार आहे. विद्यापीठास तो परवडतो म्हणून चालतो. आणि म्हणूनच तो मुख्यतः डॉक्टरेट करणारांशीं होतो. पांच वर्षें टिकणारा मदतनीस दोन वर्षांच्या पाहुण्यापेक्षां केव्हांहि सोयीचा. एम्. एस्. चा विद्यार्थी विद्यापीठाच्या जमाखर्चांत बहुतकरून जमेच्याच बाजूस असतो. शिवाय व्हिसाच्या अटींमुळें आवाराबाहेर हवी ती नोकरी धरून त्यास तूट भरून काढतां येत नाहीं, हें आमचे सल्लागार सोईस्करपणें विसरतात.

विद्येच्या मंदिरांत पगाराची भाषा शोभत नाहीं, असें कोणी म्हणेल. हें नातें मुळांत शिक्षणाचें आहे, नोकरीचें नव्हे, असा कोलंबिया विद्यापीठाचाहि दावा होता. २०१६ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय कामगार संबंध मंडळानें तो फेटाळला व असे विद्यार्थी कायद्यानें कामगारच होत, असा निर्णय दिला. पुढें २०२२ च्या नोव्हेंबरांत कॅलिफोर्निया विद्यापीठांतील सुमारें ४८,००० जणांनीं संप केला. त्यांत बहुसंख्य असे विद्यार्थीच होते, आणि पगारवाढ झाली ती त्या संपानें, कोणाच्या औदार्यानें नव्हे.

त्याच कोलंबियांत १९१३ सालीं डॉ. आंबेडकर गेले, ते ‘गेल्यावर पाहूं’ म्हणून गेले नाहींत. बडोदें दरबाराशीं लेखी करार झाला होता : तीन वर्षें दरमहा साडेअकरा पौंड, आणि परतल्यावर दहा वर्षें संस्थानची नोकरी. अट जाचक होती. पण कागदावर होती.

असा कागद हातीं आल्यावांचून कर्जाच्या अर्जावर सही करूं नये. विषय जुळणाऱ्या अध्यापकास अर्जाच्या आधींच पत्र लिहावें. किती तास, किती वर्षें, फी सगळी माफ कीं अर्धी, आरोग्यविम्याचें काय, उन्हाळ्यांत पगार चालूं कीं बंद, हें विभागास स्पष्ट विचारावें. विचारल्यानें प्रवेश हुकतो, अशी भीति घालणारे भेटतीलच. परंतु साहाय्याच्या प्रस्तावावर विचार करण्यास विद्यार्थ्यास १५ एप्रिलपर्यंत मुदत द्यावी, असा ठराव तेथील अनेक विद्यापीठांनींच मान्य केलेला आहे. विचारणाराचा राग येत असता तर त्यांनीं ही मुदत कशास दिली असती ?