कर भरता, मग मुलांना ग्रंथालयात कधी नेता?

बेंगळुरूत ज्यांचे स्वतःचे घर आहे त्यांनी मालमत्ता कराची पावती एकदा सावकाश वाचावी. मूळ कराच्या खाली काही उपकर लावलेले असतात. त्यातला एक ग्रंथालयाचा असतो, कराच्या दर शंभर रुपयांमागे सहा रुपये. कर्नाटकात 1965 साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, तेव्हापासून हा उपकर आहे. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनीही 'आमचा काय संबंध' असे म्हणू नये, कारण घरमालक तो भाड्यातूनच वसूल करत असतो.

आपल्याकडे अशी पद्धत नाही. खरे तर देशातला पहिला ग्रंथालय कायदा 1945 साली कोल्हापूर संस्थानात झाला. पण महाराष्ट्राच्या 1967 च्या कायद्यात उपकर नाही, तिथली ग्रंथालये सरकारी अनुदान आणि वर्गणी यांवर चालतात. त्यामुळे पुण्या-नागपूरहून नोकरीनिमित्त बेंगळुरूत आलेल्या कुटुंबांना ग्रंथालयाचे पैसे आपण आधीच भरले आहेत, हे माहीतच नसते. मग तीच मंडळी सुट्टी लागली की मुलांसाठी भरमसाट फीचे शिबिर शोधतात.

सुरुवात कब्बन पार्कपासून करावी. तिथे शेषाद्री अय्यर स्मारक सभागृहाची लाल इमारत आहे, त्यात राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. 1883 ते 1901 म्हैसूरचे दिवाण असलेल्या शेषाद्री अय्यरांचे हे स्मारक. याच पार्कात जवाहर बालभवन आहे आणि खास मुलांसाठी इंदिरा प्रियदर्शिनी बाल ग्रंथालयही आहे. लांब राहणाऱ्यांनी आपल्या भागातली शाखा शोधावी. सभासदत्वाचे नियम, अनामत रक्कम आणि साप्ताहिक सुट्टीचा वार आधी विचारून घ्यावा, नाहीतर इतक्या वाहतुकीतून जाऊन बंद दार पाहावे लागते.

आत गेल्यावर करायचे काय? पहिल्या दिवशी काहीच सांगू नये. मुलाला कपाटांसमोर मोकळे सोडावे. त्याने चित्रांचे पुस्तक काढले, क्रिकेटचे काढले, चार पाने चाळून परत ठेवले, तरी चालेल. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन आयुष्याच्या अखेरीस याच शहरात राहिले आणि 1972 साली इथेच वारले. पुस्तके कुलूपबंद कपाटात नकोत, वाचकाच्या हाताला लागतील अशी हवीत, यासाठी त्यांनी जन्मभर आग्रह धरला. मुलाच्या हातातून पुस्तक काढून घेऊन 'हे घे, सामान्यज्ञानाचे' म्हणणारी आई त्या आग्रहावर पाणी ओतते.

दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत खेळ सुरू करता येतात. पुस्तकांच्या पाठीवर चिकटवलेले क्रमांक दाखवा आणि 'पक्ष्यांवरची पुस्तके कुठल्या क्रमांकाला आहेत, शोधून काढ' असे सांगा. एकच बातमी कन्नड आणि इंग्रजी वर्तमानपत्रांत कशी छापली आहे ते पाहायला लावा. आठवी-नववीच्या मुलांना आपल्या भागातल्या तळ्याची किंवा रस्त्याच्या नावाची माहिती शोधायला सांगा. शाळेच्या प्रकल्पासाठी संगणकावरून उतरवलेल्या पानांपेक्षा त्यात ती जास्त रमतात. परीक्षा मात्र घेऊ नका. घरी आल्यावर 'काय वाचलेस, सांग बघू' हा प्रश्न विचारला, की पुढच्या वेळी मुलाचे पोट दुखू लागते.

बेंगळुरूतल्या मराठी घरांचा खरा पेच निराळा आहे. मुले शाळेत इंग्रजीत शिकतात, 2015 च्या कायद्यानुसार कन्नडही शिकतात आणि मराठी फक्त कानांनी जाणतात. आजीचे पत्र वाचता येत नाही, पण आजी फोनवर बोलली की सगळे समजते, अशी मुले घरोघरी दिसतील. सार्वजनिक ग्रंथालयात मराठी बालपुस्तके मिळतीलच असे नाही. इथे याच शहरातल्या एका संस्थेचा उपयोग होतो. 2004 साली सुरू झालेल्या 'प्रथम बुक्स'ने 2015 मध्ये 'स्टोरीविव्हर' हे संकेतस्थळ काढले. त्यावर मुलांची सचित्र पुस्तके अनेक भाषांत विनामूल्य वाचता येतात, उतरवून छापताही येतात. पुष्कळदा एकच गोष्ट कन्नड, मराठी आणि इंग्रजीत सापडते. तिन्ही प्रती शेजारी ठेवा. चित्र तेच, गोष्ट तीच, त्यामुळे अडलेला शब्द मुले अंदाजाने ओळखतात. क, ख, ग, घ हा क्रम दोन्ही लिप्यांत सारखाच असल्याने कन्नड येणाऱ्या मुलाला देवनागरी फार जड जात नाही. मूल कन्नड वाचून दाखवते आणि आई मराठी, हा उद्योग रविवारच्या दुपारी करून पाहावा. आईचेही कन्नड सुधारते!

आता थोडे कडू बोलते. अनेक शाखांत खुर्च्या स्पर्धापरीक्षांच्या उमेदवारांनी भरलेल्या असतात. त्या तरुणांचा दोष नाही, त्यांना तरी दुसरी शांत जागा कुठे आहे? पण बालविभाग म्हणजे कोपऱ्यातले एक कपाट, तेही बंद, असे दृश्य दिसते. उपकराचे पैसे महापालिकेने ग्रंथालय खात्याला वेळेवर दिले नाहीत, कोट्यवधी थकले, अशा बातम्या वर्षानुवर्षे छापून आल्या आहेत. मुले येत नाहीत म्हणून पुस्तके घेत नाहीत आणि पुस्तके नाहीत म्हणून मुले येत नाहीत, हे चक्र पालकांनी मागणी केल्याशिवाय तुटणार नाही.

खेड्यांनी या बाबतीत शहराला मागे टाकले आहे. कर्नाटकाच्या ग्रामविकास खात्याने 2020 च्या बालदिनी 'ओदुव बेळकु', म्हणजे वाचनाचा प्रकाश, ही मोहीम सुरू केली. ग्रामपंचायतींच्या ग्रंथालयांत 6 ते 18 वर्षांच्या मुलांना विनामूल्य सभासद करून घेतले गेले. शाळा बंद असलेल्या त्या दिवसांत कित्येक मुलांना पुस्तकाचा तेवढाच आधार होता.

तेव्हा दसऱ्याच्या सुट्टीआधी सोसायटीतल्या चार-पाच पालकांनी मिळून शाखेच्या ग्रंथपालांना भेटावे. बालविभागाचे कपाट उघडे ठेवाल का, शनिवारी तासभर गोष्टी सांगायला आमच्यापैकी कोणी आले तर चालेल का, एवढेच विचारावे. सोबत मुलांनी स्वतः लिहिलेली हव्या त्या पुस्तकांची यादी द्यावी आणि एक प्रत आपल्याजवळ ठेवावी. महिन्याभराने पुन्हा जाताना ती उपयोगी पडेल.