शाखा मोडण्यापूर्वीं तिचें ऐका

पांचामुखीं परमेश्वर असें आपण म्हणतों. परंतु पंचांनीं एकाच बाजूचें ऐकून तोंड उघडलें, तर त्या मुखांतून परमेश्वर बोलला कीं कोणाचा जुना दावा बोलला, हें कसें ओळखावें? हा प्रश्न आज मुद्दाम काढण्याचें कारण असें, कीं पालघर-बोईसर भागांतील एका बिरादरीच्या मध्यवर्ती मंडळानें आपली एक गांवशाखा नुकतीच दोन ओळींच्या पत्रानें बरखास्त केली. मंडळाचें व गांवाचें नांव आम्ही देत नाहीं. आमचें भांडण नांवाशीं नसून रीतीशीं आहे.

पत्रांत इतकेंच होतें, कीं शाखेचा कारभार समाधानकारक नाहीं, सबब शाखा बंद करण्यांत येत आहे. दप्तर, शिल्लक व सामान आठ दिवसांत मंडळाकडे पोंचतें करावें. कोणता कारभार, कोणत्या सालचा हिशेब, दोष कोणाचा, याविषयीं एक शब्द नाहीं. आधीं नोटीस नाहीं कीं विचारणा नाहीं. आतां ही शाखा म्हणजे काय? लग्नाच्या मांडवाचीं भांडीं, सतरंज्या, पोरांच्या वह्यापुस्तकांचा फंड, आणि मयताच्या वेळीं धांवून येणारीं चार माणसें. सुगीनंतर घराघरांतून पायली पायली भात काढून, कारखान्यांत जाणाऱ्या पोरांच्या पगारांतून थोडें थोडें घालून हें उभें राहिलें. तें एका पत्रानें आठ दिवसांत उचलून न्यावयाचें!

शाखेच्या कारभाऱ्याची वकिली आम्ही करीत नाहीं. त्याच्या वहींत घोळ आहे असें गांवांतही बोललें जातें. असेल तर त्याच्याकडून पै अन् पै वसूल करावी. पण एकाच्या वहींत घोळ म्हणून शंभर घरांच्या भांड्यांना कुलूप घालणें, हा न्याय नव्हे. सुक्याबरोबर ओलें जाळण्याला न्याय म्हणत नाहींत.

शेतकरी बंधूंनो, आपल्या रोजच्या व्यवहाराकडे पाहा. सातबारावर फेरफार करावयाचा झाला तर हितसंबंधितांस नोटीस निघते व हरकतीला पंधरा दिवस मिळतात. तारापूरच्या औद्योगिक वसाहतींत आपलीं पोरें काम करतात. गैरवर्तनासाठीं कायम कामगाराला काढावयाचें, तर आधीं आरोपपत्र, मग खुलासा, मग चौकशी, अशी रीत कायद्यानें घालून दिली आहे. पालघरच्या नगरपरिषदेसारखी संस्था सरकारला मोडावयाची असली, तरी आधीं तिला आपलें म्हणणें मांडण्याची वाजवी संधी द्यावी, असें १९९३ पासून आपल्या राज्यघटनेंतच लिहिलें आहे. एवढें मोठें सरकार. त्यालाही आधीं ऐकावें लागतें. मग आपल्याच भाऊबंदांच्या मंडळाला एवढी घाई कशाची?

कोणी म्हणेल, सरकारची गोष्ट निराळी, बिरादरी ही घरची बाब. त्यांनीं बेळगांवची गोष्ट ऐकावी. तेथें फ्रीमेसन लोकांच्या बंधुमंडळाची 'लॉज व्हिक्टोरिया, क्रमांक ३६३' नांवाची शाखा होती. तिनें एका सभासदाला काढून टाकलें. तो दिवाणी कोर्टांत गेला, आणि वाद चढत चढत सर्वोच्च न्यायालयांत पोंचला. १९६२ सालच्या निकालांत न्यायालयानें सांगितलें, कीं सभासद झाला तो मंडळाच्या नियमांनीं बांधला गेला. पण मंडळही त्याच नियमांनीं बांधलेलें आहे, व काढावयाचें तर नियमांत सांगितलेल्या रीतीनेंच काढलें पाहिजे. अशा मंडळाच्या निर्णयावर कोर्ट अपील ऐकत बसणार नाहीं. परंतु मंडळानें अधिकार नसतां, खोट्या नियतीनें, किंवा नैसर्गिक न्याय सोडून निर्णय केला, तर कोर्ट तो रद्द करूं शकतें. त्या खटल्यांत तो सभासद हरला, हेंही सांगितलें पाहिजे. कारण त्याच्या बाबतींत नियम व न्यायाची रीत पाळली गेली होती, असें न्यायालयास दिसलें. तेव्हां रीत पाळल्यानें मंडळ दुबळें होतें ही भीति खोटी आहे. रीत पाळली म्हणूनच त्या मंडळाचा निर्णय टिकला. तेथें प्रश्न एका सभासदाचा होता. येथें तर शंभर घरांचा आहे.

आतां एक कडू गोष्ट. जी शाखा आज "आमचें कोणीं ऐकलें नाहीं" म्हणून रडत आहे, तिनेंच पंधरा-सोळा वर्षांमागें एक घर वाळींत टाकलें होतें. मुलानें जातीबाहेर लग्न केलें, एवढाच अपराध. त्या घराला सभेला बोलावलेंही नव्हतें. आम्ही त्या सभेंत बसलों होतों. मास्तरांचें अक्षर चांगलें, म्हणून ठराव आमच्याच हातानें लिहिला गेला. "त्यांना एकदां विचारूं या" हे शब्द ओठांपर्यंत आले व तेथेंच राहिले. शास्त्रीपंडितांच्या ग्रामण्याला आपल्या वाडवडिलांनीं नांवें ठेविलीं, आणि तेंच ग्रामण्य आम्हीं स्वच्छ देवनागरींत लिहून दिलें. त्याची लाज आम्हांस अजून वाटते. पुढें सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रानें २०१६ सालीं कायदा केला व तो जुलै २०१७ पासून लागू झाला. वाळींत टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. म्हणजे वाळीचा ठराव रीतसर नोटीस देऊन केला, तरीही तो गुन्हाच.

मंडळाला आमचें सांगणें असें. तें पत्र मागें घ्या. आरोप लेखी कळवा व उत्तराला एक महिना द्या. चौकशीची बैठक त्या गांवांतच घ्या, म्हणजे बायाबापड्यांनाही येतां येईल. ज्यानें तक्रार केली त्यानें पंच म्हणून बसूं नये. पैशाची भीति असेल तर पेटीला दोन कुलुपें लावा, एक किल्ली तुमची, एक गांवाची. वह्या तपासनीसाकडे द्या. दोषी ठरेल त्याला दूर करून नवा कारभारी निवडून घ्या. एवढें करूनही निभाव लागला नाहीं तरच शाखा मोडण्याची गोष्ट काढा, तीही कारणें लिहून. व त्यावर सर्वसाधारण सभेपुढें दाद मागण्याची वाट मोकळी ठेवा. लोकांच्या वर्गणीचीं भांडीं मात्र गांवांतच राहूं द्या.

आणि शाखेच्या लोकांना सांगणें एकच. मंडळाच्या दारीं न्याय मागावयास जाण्यापूर्वीं त्या वाळींत टाकलेल्या घराच्या दारीं जा. ठराव चुकला होता, असें पांच माणसांदेखत सांगा. तो लिहिणारा हातही तुमच्याबरोबर येईल.