विश्लेषण : पेशीचे दार उघडणारी वीज आणि सिकलसेलचा महागडा उपचार

सिकलसेलवरच्या जनुकीय उपचाराची चर्चा निघाली की सगळे कौतुक ‘क्रिस्पर’ या जनुकीय कात्रीच्या वाट्याला येते. पण ही कात्री पेशीच्या आत जाते कशी, हे फारसे कुणी विचारत नाही. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये २०२३च्या अखेरीस मान्यता मिळालेल्या ‘कॅसजेव्ही’ या उपचारात ती आत जाते विजेच्या क्षणभराच्या झटक्याने. या तंत्राला इलेक्ट्रोपोरेशन म्हणतात. असा उपचार उद्या गडचिरोली किंवा नंदुरबारच्या रुग्णापर्यंत पोहोचायचा असेल, तर या झटक्यावरही तितकाच पैसा आणि अभ्यास खर्च व्हायला हवा.

झटक्याने नेमके काय होते?

प्रत्येक पेशीभोवती मेदाच्या रेणूंचे दुपदरी पटल असते. जाडी फक्त ५ नॅनोमीटरच्या आसपास. या पटलावर साधारण एक व्होल्टचा दाब आला तरी पुरे. भिंतीवरच्या घड्याळातला सेल दीड व्होल्टचा असतो, म्हणजे हा दाब त्याहूनही कमी. पण इतक्या पातळ पटलासाठी तो मीटरमागे २० कोटी व्होल्ट इतका तीव्र ठरतो. मेदाचे रेणू बाजूला सरकतात, मध्ये पाणी शिरते आणि नॅनोमीटर मापाची छिद्रे तयार होतात. झटका थांबला की काही सेकंदांत ते काही मिनिटांत पटल पुन्हा सांधले जाते. तेवढ्या वेळात बाहेरचे रेणू आत शिरतात. झटका जास्त झाला तर छिद्रे बुजत नाहीत आणि पेशी मरते. जर्मनीतील एबरहार्ड नॉयमान आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये उंदराच्या पेशींत या पद्धतीने जनुक घालून दाखवले. तेव्हापासून हे तंत्र प्रयोगशाळांच्या रोजच्या वापरात आहे.

अडचण आहे ती घाऊकपणाची. नेहमीच्या पद्धतीत लाखो पेशी दोन धातूपट्ट्यांच्या मधल्या द्रावात ठेवून सगळ्यांना एकच झटका देतात. पण पटलावर येणारा दाब पेशीच्या आकारावर ठरतो. त्रिज्या दुप्पट, तर दाबही दुप्पट. लहानमोठे वडे एकाच कढईत सोडले तर लहान करपतात आणि मोठे कच्चे राहतात. इथे उलटे होते. मोठ्या पेशी आधी मरतात आणि लहान पेशींची दारे उघडतच नाहीत. म्हणून व्होल्टेज ठरवणे ही कायम तडजोड असते. काही पेशी गमावायच्या हे त्यात गृहीतच धरलेले असते.

प्रयोगशाळेतल्या पेशी गेल्या तर पुन्हा वाढवता येतात. सिकलसेलच्या रुग्णाच्या रक्तातून काढलेल्या मूलपेशींचे तसे नाही. मूलपेशी रक्तात उतरवण्यासाठी एरवी सर्रास वापरले जाणारे औषध या रुग्णांना धोक्याचे ठरू शकते, त्यामुळे दुसऱ्या औषधावर भागवावे लागते. पुरेशा पेशी मिळवण्यासाठी अनेकांना एकाहून अधिक वेळा यंत्राला जोडून घ्यावे लागते. झटक्यात मेलेल्या पेशींची भरपाई शेवटी रुग्णाच्याच शरीरातून होते, रुग्णालयातल्या आणखी काही दिवसांच्या रूपाने.

एकेका पेशीला वेगळा झटका

यावरचा उपाय संशोधकांनी केव्हाच दाखवला आहे. मायक्रॉनभर टोकाची काचेची नळी एकाच पेशीला टेकवून झटका दिला, तर मोठ्या भांड्यात लागणाऱ्या शेकडो व्होल्टऐवजी दहाएक व्होल्ट पुरतात आणि शेजारच्या पेशीला धक्काही लागत नाही. मेंदूतल्या एका चेतापेशीत जनुक घालण्यासाठी ही रीत वापरतात. १९९९च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठातील बोरिस रुबिन्स्की आणि योंग हुआंग यांनी चिपवरच्या सूक्ष्म छिद्रात एकेक पेशी अडकवली. या चिपचा खरा गुण वेगळाच आहे. पटलाला छिद्र पडले की त्यातून वाहणारा विद्युतप्रवाह वाढतो, म्हणजे दार उघडले हे त्याच क्षणी मोजता येते. घाऊक पद्धतीत ते नंतर, जिवंत पेशी मोजल्यावर कळते.

मग हे उपचारात का नाही? हिशेब पाहा. कॅसजेव्हीची किमान मात्रा शरीराच्या किलोमागे ३० लाख पेशी, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १८ कोटी. सेकंदाला एक पेशी हाताळली तर साडेपाच वर्षांहून जास्त काळ लागेल. (अमेरिकेत या उपचाराची किंमत २२ लाख डॉलर, तेव्हाच्या दराने सुमारे १८ कोटी रुपये. पेशीमागे रुपया!) म्हणजे हजारो सूक्ष्म मार्गांतून पेशी एकाच वेळी वाहतील, पण प्रत्येकीला तिच्या आकाराला साजेसा झटका मिळेल, अशी चिप हवी. ती कारखान्यात, निर्जंतुक आणि दर वेळी सारखीच बनणे हे अवघड काम आहे. ते लवकर होईल असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

तरीही भारताने यात उतरावे, कारण अनुभव जवळचाच आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कर्करोगावरील ‘नेक्सकार १९’ उपचारात जनुक पेशीत नेण्याचे काम विषाणू करतो. तो वाहक इथेच बनवल्याने खर्च कमी व्हायला मोठी मदत झाली. दाराची चावी घरची असली की काय फरक पडतो, हे तिथे दिसले. इलेक्ट्रोपोरेशनची यंत्रे आणि त्यांचे एकदाच वापरायचे भाग मात्र आजही बहुतांशी परदेशी आहेत. आयआयटी मद्रासमध्ये एकेका पेशीसाठीच्या सूक्ष्म उपकरणांवर काम चालते. अशा कामाला शोधनिबंधापुढे, उत्पादनापर्यंत नेणारा निधी लागतो.

सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान जुलै २०२३ मध्ये सुरू झाले. त्यात ७ कोटी लोकांची तपासणी करायची आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘बिरसा १०१’ या स्वदेशी क्रिस्पर उपचाराची घोषणा झाली आणि त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवण्यात आले. त्याच्या चाचण्यांचे निष्कर्ष येतील तेव्हा संपादन किती अचूक झाले, हा आकडा ठळकपणे छापला जाईल. त्याच तक्त्यात आणखी दोन आकडे असावेत: रुग्णाकडून किती पेशी घेतल्या आणि कात्री आत नेल्यानंतर त्यातल्या किती जिवंत राहिल्या.