जिल्ह्याची पाटी आणि शेतकऱ्याचे हेलपाटे

नव्या जिल्ह्याची मागणी आपल्या राज्यात अधूनमधून डोके वर काढते. मोर्चे निघतात, बाजारपेठ बंद राहते आणि मुख्यालय कोणत्या गावी असावे यावरून शेजारची दोन गावे हमरीतुमरीवर येतात. या गडबडीत शेतकरी बंधूंनी आणि गावकारभाऱ्यांनी एक साधा सवाल विचारायला हवा. जिल्हा झाल्यावर आपला हेलपाटा वाचणार, की नुसती पाटी बदलणार? आपले जिल्हे कसे झाले हे पाहिले की उत्तर आपोआप सापडते.

मुळात जिल्हा शेतकऱ्याच्या सोयीसाठी आखलेलाच नव्हता. १८१८ साली पेशवाई बुडाली तेव्हा एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलखाचे पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड असे भाग पाडले आणि एकेक भाग एकेका कलेक्टरच्या हाती दिला. कलेक्टर म्हणजे गोळा करणारा, वसुली करणारा. साऱ्याची वसुली आणि बंदोबस्त हेच त्याचे मुख्य काम. पुढे १९०६ साली खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. तेच आजचे जळगाव आणि धुळे. १९४९ साली कोल्हापूर संस्थान विलीन होऊन जिल्हा झाला. त्याच साली साताऱ्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग पडले, दक्षिण साताऱ्याला पुढे सांगली हे नाव मिळाले. मराठवाडा निजामाच्या राजवटीतून आला, विदर्भ मध्य प्रांत-वऱ्हाडातून. अशा तीन तऱ्हांच्या मुलखातून १ मे १९६० रोजी २६ जिल्ह्यांचा महाराष्ट्र उभा राहिला.

जिल्ह्याचा खरा अर्थ बदलला तो १ मे १९६२ पासून. त्या दिवशी जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या. शाळा, दवाखाना, रस्ता, शेती, जनावरांचा दवाखाना ही कामे जिल्ह्याच्या गावातून चालू लागली. वसुलीची कचेरी होती तोवर तिच्यापासून दूर असलेले बरे असे लोक म्हणत असतील. पण बियाणे, कर्ज आणि योजना जिथून येतात ती कचेरी दूर असली की शेतकऱ्याचा दिवसही जातो आणि मजुरीही बुडते.

म्हणूनच विभाजनाची मागणी वाढली. १९८१ साली बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना रत्नागिरीतून सिंधुदुर्ग आणि औरंगाबाद व परभणीच्या भागांतून जालना झाला. १९८२ साली उस्मानाबादेतून लातूर आणि चंद्रपुरातून गडचिरोली वेगळे निघाले. १९९० साली मुंबई उपनगर, १९९८ साली वाशीम आणि नंदुरबार, १९९९ साली हिंगोली आणि गोंदिया, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर. आज राज्यात ३६ जिल्हे आहेत.

यातून फायदा झाला नाही असे कोणी म्हणणार नाही. सावंतवाडीच्या माणसाला कचेरीच्या कामासाठी रत्नागिरी गाठावी लागत होती, त्याचे मुख्यालय ओरोसला आले. पण प्रत्येक ठिकाणी असेच घडले का? सिरोंचा पाहा. गडचिरोली जिल्हा झाला, तरी जिल्ह्याचे गाव उत्तर टोकाला आणि सिरोंचा दक्षिण टोकाला, मधे सुमारे दोनशे किलोमीटरची वाट. अहेरी जिल्ह्याची मागणी उगाच होत नाही. पालघरच्या वेळीही जव्हारला मुख्यालय हवे म्हणून डोंगरातल्या लोकांनी आवाज उठवला होता.

दुसरी गोष्ट बँकेची. वाशीम जिल्हा १९९८ साली वेगळा झाला, पण तिथल्या सोसायट्यांची मध्यवर्ती बँक अकोल्याचीच राहिली. हिंगोलीची बँक परभणीची आणि पालघरची ठाण्याची. उलट लातूर, जालना, सिंधुदुर्ग यांच्या बँका स्वतंत्र झाल्या. नकाशावर रेघ ओढणे सोपे, पण बँक फोडायची तर ठेवी, थकबाकी आणि भांडवल यांची वाटणी करावी लागते. आणि पीककर्जाचा निर्णय ज्या गावात होतो, शेतकऱ्याच्या लेखी खरा जिल्हा तोच.

आता काही कामे गावातच होतात. डिजिटल सातबारा मिळतो, योजनांचे अर्ज ऑनलाइन भरता येतात. तरीही बियाणे उगवले नाही तर तालुका समितीच्या पंचनाम्यानंतर भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडेच जावे लागते. जिल्हाधिकाऱ्यांपुढची सुनावणी असली तरी गाडीभाडे चुकत नाही.

तेव्हा मागणी करायची तर पुरती करावी. जिल्ह्याबरोबर मध्यवर्ती बँक, माती परीक्षण प्रयोगशाळा, कृषी विज्ञान केंद्र आणि ग्राहक आयोग येणार का, आणि कधी? मंजूर पदे नवी असणार, की जुन्या जिल्ह्यातली माणसे उचलून इकडे बसवणार? तसे केले तर दोन्हीकडे खुर्च्या रिकाम्या राहतील आणि एकाच सायबाकडे दोन-दोन टेबलांचा कार्यभार येईल. पिकाची पाहणी मग कोण करणार?

सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींनी एक बाब ध्यानात ठेवावी. हद्द बदलण्याआधी महसूल कायद्यानुसार प्रारूप अधिसूचना निघते आणि हरकती मागवल्या जातात. ती मुदत बहुतेक गावे चहाच्या टपरीवर चर्चा करण्यात घालवतात. त्याऐवजी ग्रामसभा बोलवावी. आपल्या गावाची एसटी कुठे जाते, माल कोणत्या बाजार समितीत जातो, पाट कोणत्या धरणाचा, सोसायटी कोणत्या शाखेला जोडलेली, हे मांडून ठराव करावा आणि मुदतीत दाखल करून पोहोच घ्यावी.

मुख्यालय कोणत्या गावी हा पुढाऱ्यांचा मानाचा प्रश्न असेल. शेतकऱ्याचा प्रश्न वेगळा आहे. सकाळी धारा काढून निघालेला माणूस काम उरकून संध्याकाळच्या धारेला घरी परतला पाहिजे. जो जिल्हा एवढे साधून देईल तो मागावा, आणि जो नुसती पाटी लावील त्याच्या मिरवणुकीत नाचायला जाऊ नये.