मुलींना पुढच्या रांगेत आणा

स्नेहसंमेलनाच्या नाचात गोऱ्या मुली पुढे आणि सावळ्या, जाडसर मुली मागे, ही वाटणी आपल्या शाळांत आजही सर्रास होते. वर्गात कुणी ‘ए काळे’, ‘ए जाडे’ अशी हाक मारली, तर बाई-सर हटकतातच असे नाही. हे ऐकत वाढणारी मुलगी मग फोटोत मागे लपते, खेळाच्या तासाला दांडी मारते. म्हणून शरीराविषयीची लाज घालवणारे वर्ग शाळांत हवेत. दिल्लीच्या शाळांत असा प्रयोग झाला आणि मुलांची स्वतःच्या शरीराकडे पाहण्याची नजर सुधारल्याचे दिसले. त्या वर्गांमागे ‘डव्ह’ हा ब्रँड होता. याच ब्रँडची मालक असलेल्या युनिलिव्हरच्या भारतीय कंपनीने १९७५पासून ‘फेअर अँड लव्हली’ हे गोरेपणाचे क्रीम विकले; त्याच्या नावातले ‘फेअर’ गेले ते २०२० साली. म्हणून हे काम कंपन्यांच्या भरवशावर सोडणे धोक्याचे आहे. आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात भावनिक व मानसिक आरोग्य हा विषय आहेच. राज्य सरकारने त्यातच हे वर्ग घ्यावेत आणि आधी शिक्षकांना प्रशिक्षण द्यावे. मुख्याध्यापकांनी मात्र सरकारी परिपत्रकाची वाट पाहू नये. यंदाच्या स्नेहसंमेलनापासूनच रंग पाहून रांगा लावणे बंद करावे.