ब्राऊजरचे स्थलांतर : काय न्यावे, काय सोडावे?

वेरूळ (प्रतिनिधी) : मंगळवार हा वेरूळ लेण्यांच्या सुटीचा दिवस. घृष्णेश्वराच्या दर्शनाला येणाऱ्या भाविकांचा राबता त्या दिवशीही असतोच; पण १९८३ पासून जागतिक वारसा यादीत असलेल्या ३४ लेण्यांच्या आधाराने चालणाऱ्या हॉटेलांना, लॉजना आणि दुकानांना राहिलेली कागदोपत्री कामे उरकण्यासाठी हाच वार सोयीचा. ही कामे आता वहीपुरती राहिलेली नाहीत. खोल्यांचे आरक्षण, वस्तू व सेवा कराचे विवरणपत्र, वीजबिल, मुक्कामाला उतरलेल्या परदेशी पाहुण्याची २४ तासांच्या आत कळवावयाची माहिती, शेती असेल तर सातबारा आणि पीकविमा, मुलांच्या शिष्यवृत्तीचा अर्ज, हे सारे बहुधा एकाच संगणकावरून आणि त्यातील एकाच ब्राऊजरमधून होते.

तो संगणक बदलण्याची वेळ आता अनेकांवर आली आहे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’चे नियमित पाठबळ थांबवले. ‘विंडोज ११’साठी लागणारी ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा व्यवस्था नसलेल्या जुन्या यंत्रांना पुढची वाट अधिकृतरीत्या बंद झाली. मग नवा संगणक तरी घ्यायचा किंवा जुना दुरुस्तीला तरी न्यायचा. दुरुस्तीच्या दुकानात ‘फॉरमॅट मारून देतो’ हे ठरलेले वाक्य कानी पडते. त्याआधी छायाचित्रे आणि कागदपत्रे पेनड्राइव्हवर उतरवून घेतली जातात. ब्राऊजरमध्ये वर्षानुवर्षे साठलेला ऐवज मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. तो ध्यानात येतो दुसऱ्या दिवशी, पहिलाच पासवर्ड आठवेनासा झाल्यावर.

‘प्रोफाइल’ म्हणजे नेमके काय?

ब्राऊजर हा कार्यक्रम आणि त्यात साठलेली वापरकर्त्याची माहिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ही माहिती संगणकाच्या एका स्वतंत्र फोल्डरमध्ये राहते. त्यालाच ‘प्रोफाइल’ म्हणतात. ब्राऊजर काढून पुन्हा बसवला तरी हे फोल्डर बहुतेक वेळा जागेवरच राहते. त्यामुळे बिघाड प्रोफाइलमध्ये असेल, तर ब्राऊजर दहा वेळा बसवूनही तो जात नाही.

फायरफॉक्सचे उदाहरण घेता येईल. त्याच्या प्रोफाइलमध्ये ‘प्लेसेस’ नावाच्या फाइलीत वाचनखुणा म्हणजे बुकमार्क आणि भेट दिलेल्या संकेतस्थळांची नोंद असते. पासवर्ड ‘लॉगिन्स’ या फाइलीत आणि ते उघडण्याची किल्ली ‘की ४’ या फाइलीत असते. अर्जात पूर्वी भरलेली नावे व क्रमांक तिसरीकडे, तर संकेतस्थळांनी ओळख पटवण्यासाठी ठेवलेल्या ‘कुकी’ चौथीकडे. वापरकर्त्याने केलेल्या मांडणीतील बदल आणि बसवलेली पूरक साधने, म्हणजे ‘एक्स्टेन्शन’, यांच्या जागा आणखी वेगळ्या. क्रोम आणि एज यांची रचना तपशिलात निराळी असली तरी तत्त्व तेच आहे.

नवे प्रोफाइल उघडणे सोपे आहे. फायरफॉक्समध्ये पत्त्याच्या जागी ‘अबाउट प्रोफाइल्स’ असे टाइप केले की जुन्या प्रोफाइलला धक्का न लावता दुसरे तयार करता येते. क्रोममध्ये उजव्या कोपऱ्यातील चित्रावर टिचकी मारून तेच साधते. खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. जुन्यातले काय नव्यात न्यायचे?

वाळवीसह घर हलवू नये

सर्वांत सुचणारा मार्ग म्हणजे जुने फोल्डर उचलून नव्या जागी ठेवणे. संगणक बदलताना फायरफॉक्सच्या बाबतीत तो चालतोही. परंतु ब्राऊजर संथ झाला आहे, आपोआप जाहिराती उघडत आहेत, शोधयंत्र परस्पर बदलले आहे, अशा तक्रारीमुळे नवे प्रोफाइल घेतले असेल, तर हा मार्ग निरुपयोगी ठरतो. अशा तक्रारींचे मूळ पुष्कळदा मांडणीच्या फाइलीत किंवा एखाद्या संशयास्पद एक्स्टेन्शनमध्ये असते. सारे फोल्डर उचलले की वाळवीही नव्या घरात येते.

म्हणून निवड करणे भाग आहे. फायरफॉक्समधील ‘रिफ्रेश’ ही सोय याच विचाराने केलेली आहे. ती नवे प्रोफाइल तयार करते. बुकमार्क, नोंदी, पासवर्ड, कुकी आणि अर्जातील माहिती त्यात आणते आणि एक्स्टेन्शन व बदललेली मांडणी मागे ठेवते. जुन्या प्रोफाइलची प्रत डेस्कटॉपवर वेगळ्या फोल्डरमध्ये राहते. मात्र या प्रतीत जुने पासवर्डही असतात. काम झाल्यावर ती पुसली नाही, तर तिजोरीची दुसरी किल्ली ओसरीवर ठेवल्यासारखे होते.

निवडीचा मुद्दा मराठवाड्यात आणखी एका कारणाने महत्त्वाचा ठरतो. औरंगाबाद शहराचे आणि जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. ब्राऊजरच्या स्मरणातील पत्ते मात्र आपोआप बदललेले नाहीत. अर्जाची जुनी माहिती तशीच नव्या प्रोफाइलमध्ये नेली, तर ब्राऊजर जिल्ह्याचे जुने नावच सुचवत राहतो. पत्ते दोन-चारच असतात. ते नव्याने हाताने भरणे हेच शहाणपणाचे.

कुलूप एका यंत्राचे

बुकमार्कच्या बाबतीत स्थलांतर खऱ्या अर्थाने सुटसुटीत आहे. नेटस्केप या जुन्या ब्राऊजरच्या काळात ठरलेला बुकमार्कच्या फाइलीचा नमुना आजही प्रमुख ब्राऊजर ओळखतात. नेटस्केप अस्तंगत झाला, पण त्याचा नमुना राहिला. एका ठिकाणी ‘एक्स्पोर्ट’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘इम्पोर्ट’ केले की काम भागते.

पासवर्डचे तसे नाही. विंडोजवरील क्रोम आपले पासवर्ड त्या संगणकावरील त्या वापरकर्त्याच्या खात्याशी बांधून ठेवतो. फोल्डर नव्या संगणकावर नेले तरी कुलूप उघडत नाही. २०२४ मध्ये गुगलने कुकींसाठी हे संरक्षण आणखी कडक केले. हेतू चोरांना रोखण्याचा आहे आणि तो योग्यच आहे. कारण चालू कुकी हाती लागली तर काही खात्यांत पासवर्ड किंवा ओटीपीशिवायही शिरता येते. पण याचा अर्थ असाही होतो की, संगणक चालू असतानाच पासवर्ड बाहेर काढून घेतले नाहीत, तर ‘फॉरमॅट’नंतर मालकालाही ते मिळत नाहीत.

फायरफॉक्सची अडचण नेमकी उलटी आहे. तेथे ‘लॉगिन्स’ आणि ‘की ४’ या दोन्ही फाइली एकत्र नेल्या की पासवर्ड नव्या ठिकाणी उघडतात. एकच फाइल नेली तर उघडत नाहीत. वापरकर्त्याने ‘प्रायमरी पासवर्ड’ ठेवलेला नसेल, तर हीच सोय दुसऱ्या कोणालाही उपलब्ध होते. एक पेनड्राइव्ह आणि दोन मिनिटे एवढेच त्यासाठी पुरे.

तिसरा मार्ग पासवर्डची यादी फाइल म्हणून उतरवून घेण्याचा. क्रोममध्ये तो आहे आणि फायरफॉक्समध्ये २०२० पासून आला. परंतु ही यादी साध्या मजकुराची असते. कोणीही उघडावी आणि वाचावी. नव्या प्रोफाइलमध्ये ती घेतल्यानंतर लगेच पुसणे, रिसायकल बिनमधूनही काढणे आणि ईमेल किंवा व्हॉट्सअॅपवरून कधीही न पाठवणे, हे पथ्य पाळले नाही तर सोयीचीच गैरसोय होते.

खाते उघडून ‘सिंक’ करणे हा सर्वांत सुलभ उपाय. पण सिंक म्हणजे राखीव प्रत नव्हे. एका संगणकावर पुसलेली नोंद दुसऱ्यावरही पुसली जाते. फायरफॉक्सच्या सिंकमध्ये माहिती खात्याच्या पासवर्डनेच बंदिस्त होते. तो विसरून नवा घेतला आणि आधी ‘रिकव्हरी की’ काढून ठेवलेली नसली, तर सर्व्हरवरील जुनी प्रत हाती लागत नाही.

माहिती नेमकी कोणाची?

घरच्या संगणकापुरता हा विषय येथे संपला असता. गावातील सेवा केंद्र, झेरॉक्सचे दुकान किंवा लॉजचा स्वागतकक्ष येथे तो खऱ्या अर्थाने सुरू होतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ नंतर दाखल्यांचे अर्ज ‘आपले सरकार’ संकेतस्थळावरून होऊ लागले. ज्यांच्याकडे संगणक नाही किंवा तो चालवता येत नाही, ते केंद्रचालकाकडे जातात. अर्ज भरताना ‘पासवर्ड जतन करायचा का?’ असे ब्राऊजर विचारतो आणि गर्दीच्या वेळी ‘होय’वर सहज टिचकी पडते. अशा एकेका टिचकीतून एका प्रोफाइलमध्ये शेतकऱ्याचे, विद्यार्थ्याचे, निवृत्तिवेतनधारकाचे लॉगिन गोळा होत जाते. लॉजच्या संगणकात पाहुण्यांची नावे, पासपोर्टचे क्रमांक आणि डाऊनलोड केलेल्या प्रती साचतात.

हा संगणक बदलताना चालक ‘माझे ब्राऊजर हलवतो’ असे म्हणतो, तेव्हा तो प्रत्यक्षात गावाची माहिती हलवत असतो. त्यातच त्याने स्वतःच्या गुगल खात्याने सिंक सुरू केले असेल, तर हेच पासवर्ड त्याच्या मोबाइलमध्ये आणि घरच्या संगणकातही पोहोचतात. यात बहुधा कोणाचा हेतू वाईट नसतो. पण मोबाइल हरवला किंवा दुसऱ्याला विकला, तर हानी मात्र हेतू पाहून होत नाही.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. माहिती हाताळणाऱ्यांवरील मुख्य जबाबदाऱ्या अधिसूचनेपासून १८ महिन्यांनी लागू करण्याचे त्यात ठरले आहे. घरगुती व वैयक्तिक वापराला कायद्यातून सूट आहे. व्यवसायासाठी घेतलेल्या माहितीला ती नाही. ज्या कामासाठी माहिती घेतली ते संपले आणि ती जपण्याचे दुसरे कायदेशीर बंधन नसले, तर ती पुसावी, असे कायद्याचे सूत्र आहे. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. एवढा दंड गावातील केंद्रचालकासाठी नाही, हे उघड आहे. पण सूत्र त्यालाही लागू पडावे असेच आहे.

क्रमांक हलतो, माहिती अडते

या कायद्यात एक उणीवही आहे. मोबाइल क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय भारतात जानेवारी २०११ पासून देशभर मिळाली आणि ग्राहकाची कंपनीवरची मदार कमी झाली. आपली माहिती एका सेवेतून दुसरीकडे नेण्याचा असाच हक्क न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीने २०१८ मध्ये सुचवला होता. २०१९ च्या विधेयकात तो आला. ते विधेयक २०२२ मध्ये मागे घेण्यात आले आणि २०२३ च्या कायद्यात हा हक्क उरला नाही.

युरोपीय संघात तो मे २०१८ पासून आहे. तेथील डिजिटल बाजारपेठ कायद्याची बंधने मोठ्या कंपन्यांवर मार्च २०२४ पासून आली आणि क्रोम व सफारी हे ब्राऊजर त्यांच्या कक्षेत आले. ॲपलने २०२४ च्या अखेरीस सफारीतील माहिती एकत्रितपणे बाहेर काढण्याची सोय दिली. कायद्याचा रेटा असला की अशा सोयी लवकर येतात, एवढा बोध यातून घेता येईल. भारतात सध्या ही बाब कंपन्यांच्या मर्जीवर आहे. कंपनीने ‘एक्स्पोर्ट’ची कळ ठेवली तर माहिती आपली, काढली तर नाही.

आधी यादी, मग हलवाहलव

तोवर सावधगिरी वापरकर्त्यालाच बाळगावी लागेल. संगणक दुरुस्तीला देण्यापूर्वी बुकमार्क उतरवून घ्यावेत. जतन केलेल्या पासवर्डची यादी उघडून स्वतःचे तेवढे ठेवावेत आणि इतरांचे पुसावेत. ज्यांचे होते त्यांना पासवर्ड बदलण्यास सांगावे. कुकी नेऊ नयेत, नव्याने लॉगिन करावे. एक्स्टेन्शन गरजेपुरतीच आणि अधिकृत ठिकाणाहून पुन्हा घ्यावीत. आठवडाभर काम बिनचूक चालले, की जुने प्रोफाइल आणि त्याच्या प्रती काढून टाकाव्यात. सेवा केंद्रात ग्राहकाचे काम ‘गेस्ट’ किंवा खासगी खिडकीत करावे, म्हणजे खिडकी बंद होताच लॉगिन आणि कुकी मागे राहत नाहीत. डाऊनलोड केलेल्या फाइली मात्र वेगळ्या पुसाव्या लागतात.

याला फार तर मंगळवारची एक दुपार लागेल. वेरूळचे कैलास लेणे नको तो खडक काढत गेल्याने आकाराला आले. ब्राऊजरचे नवे प्रोफाइलही काय आणले यापेक्षा काय मागे सोडले, यावरच सुरक्षित ठरणार आहे.