शाळेतले जुने संगणक भंगारात काढायची घाई नको

शेंद्रा : ऑरिक औद्योगिक शहराच्या ‘ऑरिक हॉल’चं उद्घाटन ७ सप्टेंबर २०१९ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झालं. शेंद्रा कमंगर, कुंभेफळ, करमाड ही गावं तिथून जवळच. कंपनीत स्टोअरच्या कामालाही आता संगणक लागतो. गरिबाच्या पोरानं तो हाताळायचा कुठं, तर जिल्हा परिषदेच्या शाळेत.

पण मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत आधार थांबवला. २०१७ च्या आधीच्या बहुतेक संगणकांवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. म्हणजे यंत्र धडधाकट, तरी ‘जुनं’ ठरलं. ३१ ते १०० पटाच्या शाळेला समग्र शिक्षातून वर्षाला २५ हजारांपर्यंत संयुक्त अनुदान मिळतं. खडू, स्वच्छता, किरकोळ दुरुस्ती त्यातच. नवा संगणक घ्यायचा कशातून?

यावर उपाय आहे. लिनक्स ही मुक्त प्रणाली फुकट मिळते. तिचे लुबुंटूसारखे हलके प्रकार जुन्या यंत्रावरही चालतात. सोबतचं लिब्रेऑफिस मराठीतून वापरता येतं. एका पेनड्राइव्हवरून शाळेतल्या सगळ्या संगणकांत टाकलं, तरी परवान्याचा पैसा लागत नाही आणि चोरीची कॉपीही ठरत नाही.

नुसतं टाकून मात्र भागत नाही. महाराष्ट्रात हा प्रयोग आधीच झालाय. रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात खैरात इथल्या शाळेत २००७ मध्ये मुलांना लिनक्सवर चालणारे छोटे लॅपटॉप दिले होते. ती पद्धत राज्यभरातल्या शाळांत काही गेली नाही. केरळनं उलट केलं. आधी शिक्षकांना शिकवलं, पुस्तकं तशी केली आणि दहावीची संगणक परीक्षाही मुक्त प्रणालीवर घेतली. परीक्षेत आलं म्हणून वर्गात टिकलं.

आपल्याकडची अडचण तिथंच आहे. २००१ पासून एमएस-सीआयटी म्हटलं की विंडोज आणि एमएस ऑफिस, असंच समीकरण झालं. सरकारी नोकरीला प्रमाणपत्र लागतं, म्हणून पालकही तेच मागतात. तालुक्यातला दुरुस्तीवालाही बहुधा तेवढंच जाणतो. पालकांची भीती खोटी नाही. पण लिब्रेऑफिसमध्ये तक्ता आणि बेरजेचं सूत्र शिकलेल्या पोराला एक्सेल परकं वाटत नाही. ट्रॅक्टर एका कंपनीचा शिकला म्हणून दुसरा चालवता येत नाही, असं कुठं असतं?

शाळा व्यवस्थापन समितीनं आधी एकाच संगणकावर हे करून पाहावं. त्यातली माहिती अगोदर दुसरीकडं उतरवून घ्यावी. प्रिंटर चालतो का, मराठी टायपिंग होतं का, हे तपासावं. केंद्रातल्या एका शिक्षकाला नीट शिकवलं, तर बाकीच्या शाळांना तोच आधार होईल. तोवर निर्लेखनाच्या यादीवर सह्या करू नयेत. भंगारवाल्याकडून चार पैसे मिळतील, पण पोरांच्या हातातला संगणक मात्र जाईल.